त्रुटी आढळल्यास कळवावे

महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने २० ऑगस्ट २०१० रोजी एक शासन निर्णय काढला. त्याच वर्षी १ एप्रिलपासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला होता. पहिली ते आठवीच्या मुलांचे मूल्यमापन आता वर्षाअखेरच्या एका परीक्षेवर न ठेवता वर्षभराच्या नोंदींवर करायचे होते. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन हे त्याचे नाव. शिक्षकांच्या तोंडी ते ‘सीसीई’ झाले. या निर्णयामुळे गावोगाव एक वस्तू तयार झाली, जिची तरतूद निर्णयात नव्हती: शिक्षकाने स्वतःच्या हाताने एक्सेलमध्ये बांधलेली निकालाची फाइल. तिच्यासोबत एक रीतही पडली. फाइल जमेल तशी झाली की ती दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाकडे पाठवायची आणि खाली एक ओळ लिहायची, ‘वापरून पाहा, काही त्रुटी आढळल्यास कळवावे.’

ही रीत कुठून आली, हे नीट सांगायला हवे. गावाकडच्या शाळेत सॉफ्टवेअर घडते, ते लोक वापरतात आणि दुरुस्तही करतात, ही गोष्ट आपल्याकडे कोणी गांभीर्याने मांडलेली नाही.

आधी गरज काय होती ते पाहू. नव्या पद्धतीत मूल्यमापनाचे दोन भाग झाले, आकारिक आणि संकलित. पहिली-दुसरीला ७० गुण आकारिक आणि ३० संकलित, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मे निम्मे, सातवी-आठवीला ४० आणि ६०. आकारिक भागासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर अशी आठ साधने. बेरीज झाली की तिची श्रेणी काढायची: ९१ ते १०० ला अ-१, मग अ-२, ब-१, ब-२, क-१, क-२, ड, इ-१ आणि २० किंवा त्याखाली इ-२. एकूण नऊ पायऱ्या. आता पहिलीचा ३० मुलांचा वर्ग घ्या. मराठी, गणित, इंग्रजी एवढेच तीन विषय आणि निदान पाच साधने धरली, तरी दोन सत्रांचे ९०० आकडे होतात. त्यात कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण अजून धरलेलेच नाही. द्विशिक्षकी शाळेत एकेका शिक्षकाकडे दोन वर्ग. हे सगळे हाताने मांडायचे, बेरजा करायच्या, श्रेण्या काढायच्या, नोंदवहीतून प्रगतिपत्रकावर उतरवायच्या आणि एखादा आकडा चुकला की सगळी ओळ पुन्हा करायची.

नेमक्या याच त्रासातून १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क जन्मले होते. हार्वर्डच्या व्यवस्थापन वर्गात शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनला फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा बदलला की बाकीचे सगळे पुसून पुन्हा मांडावे लागतात हे खटकले आणि बॉब फ्रँकस्टनच्या साथीने त्याने वैयक्तिक संगणकावरचा पहिला तसा तक्ता घडवला. १९८५ मध्ये एक्सेल आले. या तक्त्याने संगणकशास्त्र न शिकलेल्या माणसाच्या हाती प्रोग्रॅम लिहिण्याची ताकद दिली. ‘ही बेरीज इतकी असेल तर इथे अ-१ लिही’ असे सेलमध्ये लिहिणारा शिक्षक प्रोग्रॅमच लिहीत असतो, स्वतःला प्रोग्रॅमर म्हणवत नसला तरी.

एक्सेलची तोंडओळख शिक्षकांना आधीच झाली होती. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएल या संस्थेचा एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सरकारी नोकरीत अनिवार्य झाला आणि तालुक्याच्या गावी संगणकाचे वर्ग निघाले. तिथे शिकलेली बेरीज, सरासरी आणि ‘इफ’ काही वर्षे पडून होती. सीसीईने त्यांना काम दिले.

मग ‘त्रुटी आढळल्यास कळवावे’ ही ओळ? संगणकाच्या दुनियेत तिचे भाऊबंद पुष्कळ आहेत. आयबीएमची मोठी यंत्रे वापरणाऱ्यांनी १९५५ मध्ये ‘शेअर’ नावाची संघटना काढली ती एकमेकांचे प्रोग्रॅम वापरता यावेत म्हणूनच. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून करत असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामाविषयी लोकांना कळवले आणि त्यांना काय हवे ते विचारले. त्यातून लिनक्स उभे राहिले. पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो जिम नॉफ. आयबीएममध्ये नोकरी करणाऱ्या या गृहस्थाने आपल्या चर्चच्या सभासदांच्या पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापायला घरच्या घरी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो सहकाऱ्यांना दिला, त्यांनी पुढे दिला, सूचना येऊ लागल्या आणि सुधारलेली आवृत्ती सगळ्यांना कळवता कळवता खर्च परवडेना, तेव्हा १९८२ मध्ये त्याने वापरणाऱ्यांकडे ऐच्छिक रक्कम मागितली. शेअरवेअर म्हणून जी पद्धत पुढे जगभर गेली तिच्या मुळाशी एका वस्तीची गरज होती.

तरीही आपल्या शिक्षकांनी ही रीत अमेरिकेकडून घेतली, असे मी म्हणणार नाही. तिचे कूळ डी.एड.च्या वर्गात आहे. तिथे प्रत्येक विद्यार्थी-शिक्षकाला सराव पाठ घ्यावे लागत. तो फळ्यापुढे उभा राही, मागच्या बाकांवर सहाध्यायी पाठ निरीक्षणाच्या वह्या घेऊन बसत आणि पाठ संपला की त्याच्यादेखत चर्चा होई: प्रस्तावना लांबली, फलक लेखन लहान झाले, मागच्या मुलाला प्रश्नच विचारला नाही. आपले काम पुरे होण्याआधी बरोबरीच्या माणसांपुढे ठेवायचे, दोष ऐकायचे आणि पाठ टिपणात दुरुस्ती करायची, ही सवय व्यवसायात शिरतानाच लागलेली असे. १९९४ मध्ये केंद्रप्रमुखांची पदे निर्माण झाली. केंद्रातल्या आठ-दहा शाळांचे शिक्षक गटसंमेलनाला जमू लागले. एक जण आदर्श पाठ घेई, कोणी पुठ्ठ्याचे, चिंचोक्यांचे, काड्यांचे साहित्य घेऊन येई आणि बाकीचे ते हाताळून पाहत. पुढे गटसंमेलनाची शिक्षण परिषद झाली, रिवाज तोच राहिला. एक्सेलची फाइल या रांगेत येऊन बसली ती शैक्षणिक साहित्य म्हणूनच. म्हणून ती दाखवताना संकोच नव्हता आणि तिच्यातली चूक काढणे हा अपमान ठरत नव्हता.

सुरुवातीला फाइल पेनड्राइव्हवरून फिरे. मोठी अडचण अक्षरांची होती. एकाने कृतीदेव किंवा श्रीलिपीत टंकलेली मुलांची नावे दुसऱ्याच्या संगणकावर तो फाँट नसला की वाचता येत नसत. आकडे बरोबर आणि नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ. म्हणून पहिल्या काळातल्या कित्येक दुरुस्त्या गणिताच्या नसून लिपीच्या होत्या. युनिकोड रुळले तसा हा प्रश्न सुटला. २०१६ च्या फेब्रुवारीत व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये १०० ऐवजी २५६ जण बसू लागले, त्याच वर्षी पीडीएफ आणि मग इतर फाइली पाठवता येऊ लागल्या आणि सप्टेंबरात जिओने डेटा स्वस्त केला. २२ जून २०१५ च्या निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झालेला होताच; त्या लाटेत ‘तंत्रस्नेही शिक्षक’ असा एक वर्ग ओळखला जाऊ लागला. विक्रम अडसूळ ज्याचे संयोजक आहेत त्या ‘ॲक्टिव्ह टीचर्स महाराष्ट्र’सारखे गट याच काळात राज्यभर पसरले. निकालाच्या शीटसोबत पोषण आहाराची शीट आली: पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०, उपस्थिती भरली की आजचा खर्च आणि महिन्याची शिल्लक समोर. एमआयटी ॲप इन्व्हेंटरवर ठोकळे जोडून केलेली छोटी ॲप्स आली, इंटरनेटशिवाय उघडणाऱ्या चाचण्या आल्या.

बीड जिल्ह्यात मात्र या फाइलीपुढे एक वेगळाच प्रश्न उभा राहतो.

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल घेतलेली, आणि गाडीत सामानासोबत मुले. कारखाने बंद झाल्यावर, उन्हाळ्यात, ती परततात. म्हणजे पहिल्या सत्रात मूल वर्गात आहे, त्याचे तोंडी काम, प्रकल्प, चाचणी सगळे नोंदलेले आहे. दुसऱ्या सत्राचे रकाने रिकामे. हंगामी वसतिगृहात ठेवलेली मुले शाळेत राहतात, गेलेल्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड देण्याची सोय आहे, पण पटावर नाव आहेच आणि निकालाच्या शीटमध्ये त्याची ओळही आहे. साध्या सूत्राला रिकामा रकाना म्हणजे शून्य. शून्य म्हणजे २० च्या खाली. आणि २० च्या खाली म्हणजे इ-२. जे मूल फडावर धाकट्या भावंडाला सांभाळत बसले आहे, त्याच्या नावापुढे फाइल आपणहून सगळ्यांत खालची श्रेणी लिहून मोकळी होते.

यावर उपाय सोपा वाटेल: रकाना रिकामा असेल तर काही लिहू नको, अशी एक अट वाढवायची. पण जुन्या, २००३ च्या एक्सेलमध्ये एका ‘इफ’च्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा असे करत सात पातळ्यांपर्यंतच जाता येत असे. बाहेरचा एक आणि आतले सात मिळून आठ अटी, त्यांतून नऊ उत्तरे. नऊ श्रेणी तिथे बरोबर मावतात. दहावे उत्तर, ‘हे मूल इथे नाही’, मावत नाही. २००७ च्या आवृत्तीने ही मर्यादा ६४ वर नेली. ज्या शाळेच्या संगणकात जुनीच आवृत्ती होती तिथे दुसरी वाट धरावी लागे: श्रेणींचा छोटा तक्ता बाजूला मांडायचा, सूत्राने तो पाहून श्रेणी आणायची आणि वाचलेली अट त्या मुलासाठी वापरायची. सूत्राची ही उठाठेव किरकोळ वाटेल. मला ती किरकोळ वाटत नाही. शहरातल्या शाळेसाठी बांधलेल्या फाइलीत ही चूक दिसण्याचे कारणच नव्हते, कारण तिथे सबंध सत्र गायब होणारे मूल क्वचित. ती चूक ज्याच्या वर्गातली निम्मी ओळ कार्तिकात रिकामी होते, त्यालाच दिसते. ‘कळवावे’ या शब्दाचे खरे मोल इथे आहे.

याच जिल्ह्यातल्या दोन शिक्षकांना २०२२ चा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला: आष्टी तालुक्यातल्या पारगाव जोगेश्वरीच्या जिल्हा परिषद शाळेचे सोमनाथ वाळके आणि गेवराई तालुक्यातल्या दामूनाईक तांड्यावरचे शशिकांत कुलथे. त्या वर्षी राज्याच्या वाट्याला तीन पुरस्कार आले, त्यांतले दोन बीडचे. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड लावण्याचा प्रयोग एका शाळेत केला, तो पुढे राज्याच्या पुस्तकांत आला. २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाल्यावर त्यांनी निम्मी रक्कम इतर अंतिम स्पर्धकांत वाटली. वाटून घेण्याचा स्वभाव या व्यवसायात आहे, याचा तो सर्वांत मोठा दाखला.

या रीतीला दोन खोडी लागल्या. एक, वर्णनात्मक नोंदींची. प्रगतिपत्रकावर विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक असे रकाने असतात आणि तिथे शिक्षकाने त्या मुलाबद्दल स्वतः लिहायचे असते. तयार वाक्यांच्या याद्या फाइलींसारख्याच फिरू लागल्या. गणित वाटून घेणे योग्य; निरीक्षण वाटून घेता येत नाही. एकाच वाक्यात दहा गावांची मुले बसवली की सीसीईचा हेतूच संपतो. शिक्षकांवरचा कागदांचा भार मला मान्य आहे, तरी ही देवघेव व्हायला नको होती.

दुसरी खोड कुलपाची. फाइल फिरता फिरता कोणी आपले नाव पुसून स्वतःचे घालू लागले, म्हणून मूळ करणाऱ्याने शीट प्रोटेक्ट करून पासवर्ड ठेवला. त्याचे दुःख खरे आहे. रात्री जागून केलेल्या कामावर दुसऱ्याचे नाव पाहणे सोसत नाही. पण सूत्रे झाकली की वापरणाऱ्याला फक्त चूक दिसते, तिचे कारण दिसत नाही. रिकाम्या रकान्याचे इ-२ का झाले हे त्याला उलगडत नाही आणि दहावे उत्तर तो स्वतः घालूही शकत नाही. नाव एका वेगळ्या पानावर ठळक ठेवावे, सुधारणा करणाऱ्याने आपले नाव त्याखाली लिहीत जावे आणि सूत्रे उघडी राहू द्यावीत, हा मार्ग दोन्ही बाजूंना न्याय देतो.

२०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली, पाचवीला विषयामागे ५० गुण आणि आठवीला ६०. नापास झालेल्यांसाठी पुनर्परीक्षा. जुन्या शीटमध्ये नवे रकाने आले. फडावरून उशिरा परतलेल्या पाचवीतल्या मुलाची ओळ या शीटमध्ये कशी लिहायची, त्याला गैरहजर धरायचे, अनुत्तीर्ण धरायचे, की थेट पुनर्परीक्षेच्या रकान्यात न्यायचे, याचे सूत्र धारूरच्या किंवा पाटोद्याच्या एखाद्या शिक्षकाकडून आले पाहिजे आणि ते उघड्या सेलमध्ये आले पाहिजे.