नियम दोन्ही संघांच्या मुलांसाठी

शाळांच्या क्रिकेट स्पर्धेचं एक नियमपत्रक असतं. दोन-तीन पानांचं. मुलाचं वय किती असावं, शाळेचा दाखला कोणी द्यावा, सामना किती दिवसांचा, किती षटकांचा, चेंडू कुठला, उशिरा आल्यास काय, पंचाचा निर्णय अंतिम वगैरे. क्रीडाशिक्षक ते घडी करून खिशात ठेवतात. मुलं तर ते पाहतही नाहीत. वाद झाला की मग ते कागद बाहेर निघतात. आज मला याच कागदांविषयी बोलायचं आहे. आपल्या मुंबईच्या शालेय क्रिकेटचा इतिहास आपण नेहमी धावांमधून सांगतो. तो नियमांमधून सांगितला तर थोडा वेगळा दिसतो.

मुंबईत शाळांच्या दोन मोठ्या स्पर्धा. सोळा वर्षांखालच्या मुलांची हॅरिस शील्ड आणि चौदा वर्षांखालच्यांची गाइल्स शील्ड. शंभर वर्षांहून जुन्या. हॅरिस शील्डला नाव मिळालं ते लॉर्ड हॅरिस यांचं. १८९० ते १८९५ या काळात ते मुंबईचे गव्हर्नर होते आणि त्याआधी इंग्लंडच्या संघाचे कर्णधार. एतद्देशीय खेळाडूंचं त्यांच्याविषयीचं मत फारसं चांगलं नव्हतं. मैदानावर गोऱ्या साहेबांचा पोलो चालावा की इथल्या पोरांचं क्रिकेट, हा झगडा त्या काळात चांगलाच रंगला होता. पण त्यांच्या नावाच्या ढालीसाठी जी स्पर्धा सुरू झाली, तिच्यात एक साधा नियम होता, आणि तो आजपर्यंत टिकला. तो असा की संघ शाळेचा असेल. ज्याचं नाव शाळेच्या हजेरीपटावर, तो शाळेकडून खेळेल.

यात विशेष काय, असं कुणी म्हणेल. विशेष हे, की त्याच शहरात मोठ्या माणसांचे संघ धर्मावर पडत होते. आधी युरोपियन विरुद्ध पारशी. १९०७ साली हिंदू आले आणि स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ साली मुस्लिम संघ आला, चौरंगी झाली. १९३७ साली उरलेल्या सगळ्यांचा म्हणून 'द रेस्ट' हा संघ आला आणि पंचरंगी सामने सुरू झाले. त्या सामन्यांना तुफान गर्दी व्हायची. महात्मा गांधींनी १९४० साली धर्मावर पडणाऱ्या या संघांविषयी नापसंती व्यक्त केली. १९४६ साली त्या सामन्यांवर कायमचा पडदा पडला. शाळांच्या स्पर्धेला मात्र असा पडदा पाडावा लागला नाही. काही शाळा एकेका समाजाने काढलेल्या होत्या, हे खरं. पण नियमाने विचारलं ते शाळेचं नाव, जमातीचं नाही. पुढे अंजुमन-ए-इस्लाम शाळेकडून खेळणारा वसीम जाफर याच मैदानांवर मोठा झाला आणि रणजी सामन्यांत धावांचे डोंगर रचून गेला. एखादा नियम मुलांचं किती भलं करू शकतो, याचं हे माझ्या मते सर्वांत चांगलं उदाहरण.

आता दुसरा नियम पाहू. डाव घोषित करण्याचा.

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान. हॅरिस शील्डची उपांत्य फेरी, शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स. विनोद कांबळी आणि सचिन तेंडुलकर या दोन मुलांनी तिसऱ्या विकेटसाठी नाबाद ६६४ धावांची भागीदारी केली. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६. शारदाश्रमने २ बाद ७४८ वर डाव घोषित केला. हे आकडे मराठी घरांतून पाढ्यांसारखे पाठ आहेत. आचरेकर सर त्या दिवशी मैदानावर नव्हते. डाव घोषित करा, असा त्यांचा निरोप होता, त्यांचे सहायक सीमारेषेवरून खुणा करत होते आणि ही दोन पोरं तिकडे बघतच नव्हती, हा किस्सा पुढे दोघांनीही हसत हसत सांगितला. खेळाचा कायदा म्हणतो, डाव घोषित करण्याचा हक्क कर्णधाराचा. शाळेच्या सामन्यात तो हक्क खरा असतो सरांचा. पण सर लांब असले, की मुलं आपला कायदा चालवतात!

या सामन्यातले आणखी दोघे मला महत्त्वाचे वाटतात. पहिला अमोल मुझुमदार. शारदाश्रमचा पुढचा फलंदाज. तो पॅड बांधून बसून राहिला आणि त्याची पाळी आलीच नाही. पुढे त्याने मुंबईकडून रणजी पदार्पणातच २६० धावा काढल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा जमवल्या, पण भारताच्या संघात त्याला कधी जागा मिळाली नाही. त्याच अमोल मुझुमदारच्या प्रशिक्षणाखाली भारताच्या मुलींनी २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. दुसरा साईराज बहुतुले. तो त्या दिवशी सेंट झेवियर्सकडून गोलंदाजी करत होता. आपल्या लेगस्पिनची धुलाई त्याने पाहिली, सोसली, आणि पुढे तोही भारताकडून कसोटी खेळला.

म्हणजे त्या एका सामन्यात फळ्यावर ज्यांची नावं झळकली तेवढीच मुलं नव्हती. पॅड बांधून बसलेला मुलगा होता आणि मार खाणारा मुलगा होता. ते दोघे पुढे तरले. मोठ्या शाळांची, सरावातली, जिद्दीची मुलं होती ती. पण प्रत्येक सामन्यात बहुतुले नसतो.

डाव घोषित करण्याचा हा नियम आला कुठून, हेही पाहण्यासारखं आहे. १८८९ सालापर्यंत क्रिकेटच्या कायद्यात तो नव्हताच. दहा गडी बाद झाल्याशिवाय डाव संपत नसे. मग पुरेशा धावा झाल्या, की फलंदाज मुद्दाम बाद होत. १८८९ साली शेवटच्या दिवशी डाव घोषित करण्याची मुभा मिळाली. पुढे ती हळूहळू वाढत गेली. फॉलोऑनचंही तसंच. पूर्वी पिछाडीवरच्या संघाला लगेच पुन्हा खेळायला यावंच लागे. १९०० सालापासून पुढे असलेल्या कर्णधाराच्या मर्जीवर ते सोपवण्यात आलं. हे सगळे बदल मोठ्यांच्या सामन्यांची सोय पाहून झाले. शाळांनी ते जसेच्या तसे उचलले.

१८९९ च्या जून महिन्यात इंग्लंडमधल्या क्लिफ्टन कॉलेजात दोन वसतिगृहांच्या मुलांचा सामना चालला होता. ए. ई. जे. कॉलिन्स नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाने त्यात नाबाद ६२८ धावा काढल्या. हा मुलगा जन्मला होता आपल्याकडे, हजारीबागला. सामन्याला दिवसांचं बंधन नव्हतं. शाळेच्या कामातून वेळ मिळेल तसा तो काही दिवस चालू राहिला. संघाच्या धावा ८३६. समोरच्या मुलांनी केल्या ८७ आणि ६१. कॉलिन्स १९१४ साली पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्याचा विक्रम मात्र ११६ वर्षं जिवंत राहिला.

तो मोडला कल्याणमध्ये. जानेवारी २०१६, भंडारी चषक. के. सी. गांधी शाळेच्या पंधरा वर्षांच्या प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा काढल्या. १२९ चौकार आणि ५९ षटकार. एका रिक्षाचालकाचा मुलगा आणि हजार धावा! साऱ्या जगाने बातमी केली, आणि करायलाच हवी होती. शाळेने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. समोरच्या आर्य गुरुकुल शाळेच्या मुलांनी ३१ आणि ५२ धावा केल्या. सामन्याचा निकाल एक डाव आणि १३८२ धावांचा. पहिल्या दिवसअखेर प्रणवच्या ६५२ धावा झाल्या होत्या. म्हणजे कॉलिन्सचा विक्रम पहिल्याच दिवशी मोडला होता. समोरच्या संघातली बरीच मुलं वयाने लहान होती, मैदानाची एक सीमारेषा फार जवळ होती, असं त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं. कुठलाही नियम मोडलेला नव्हता. डाव कधी घोषित करायचा, हे ठरवणाऱ्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशीही त्या मुलांना चेंडू आणायला धावावं लागलं, एवढंच.

यात प्रणवचा काही दोष नाही. मुलाचं काम खेळण्याचं. पुढच्या काळात अपेक्षांचं ओझं त्यालाही जड गेलं. नियमांचं काम असतं ते मोठ्या माणसांचं.

मग लोक म्हणतात, षटकांची मर्यादा घाला, प्रश्न सुटेल. नोव्हेंबर २००६ मध्ये हैदराबादला शाळेचाच सामना झाला. चाळीस षटकांचा. मनोज कुमार आणि महंमद शाहबाज तुंबी या दोघांनी ७२१ धावांची भागीदारी करून तेंडुलकर-कांबळीचा विक्रम मागे टाकला. समोरचा संघ एकवीस धावांत बाद झाला. चाळीस षटकांची मर्यादा असून ही गत.

आणि मग आपल्याच आझाद मैदानावरचा नोव्हेंबर २०१९ चा सामना. हॅरिस शील्डची पहिली फेरी. बोरिवलीच्या शाळेने ४ बाद ७६१ धावा केल्या. या ७६१ पैकी १५६ धावा बॅटमधून किंवा वाइड-बायमधून आलेल्या नव्हत्या. त्या दंडाच्या धावा होत्या. गोलंदाजी करणाऱ्या संघाने तीन तासांत ४५ षटकं टाकायची, असा नियम होता. त्या मुलांनी ३९ टाकली. सहा षटकं कमी पडली म्हणून १५६ धावा समोरच्या संघाला बहाल. मग ती मुलं फलंदाजीला आली आणि सात धावांत बाद झाली. दहाच्या दहा गड्यांपैकी एकालाही भोपळा फोडता आला नाही. सात धावा त्याही अवांतर. ७५४ धावांनी पराभव. हरलेल्या शाळेचं नाव मी घेत नाही. ती मुलं आता विशीत असतील.

हा दंडाचा नियम वाईट हेतूने केलेला नाही. मोठ्यांच्या क्रिकेटमध्ये कर्णधार मुद्दाम वेळ काढतात, म्हणून षटकांच्या गतीला दंड आला. त्याचंच हे शालेय रूप. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा प्रत्येक चेंडू सीमेपार जात असेल, तर तो आणायला वेळ लागणारच. आझाद मैदानावर तर एकाच वेळी कितीतरी सामने चालतात. आपला चेंडू दुसऱ्याच्या स्लिपमधून शोधून आणावा लागतो. लबाडीसाठी केलेला दंड तिथे दुबळेपणाला बसला. आधीच ६०५ धावांचा मार, वर १५६ धावांची पावती.

मला वाटतं, मोठ्यांच्या स्पर्धेचा नियम विचारतो, कोण जिंकलं? शाळेच्या स्पर्धेच्या नियमाने आणखी एक प्रश्न विचारायला हवा. संध्याकाळी घरी जाताना दोन्ही संघांतल्या किती मुलांना उद्या पुन्हा मैदानावर यावंसं वाटलं? आणि हे काही हवेतलं बोलणं नाही. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने तेरा वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजांना एका टप्प्यात पाच आणि दिवसात दहा षटकांची मर्यादा घालून दिली, वाढत्या हाडांची काळजी म्हणून. परदेशात लहान मुलांच्या सामन्यांत ठराविक धावा झाल्या की फलंदाजाने निवृत्त व्हायचं, सर्वांनी गोलंदाजी करायची, असे नियम सर्रास असतात. आपल्याकडेही वयचोरी रोखण्यासाठी मनगटाचा एक्स-रे काढण्यापर्यंत आपण गेलोच ना? मोठ्या मुलाने लहान बनून लहानांत खेळू नये, म्हणून तो नियम. मग मोठ्या ताकदीच्या संघापुढे नवख्या संघाला किती वेळ उभं करायचं, यालाही नियम करता येईल.

याला कुणी म्हणेल, असं केलं तर तेंडुलकर कसा घडेल? प्रश्न रास्त आहे. लांब डाव खेळण्याची सवय ही मुंबईची पुंजी आहे, आणि ती उधळू नये. उपांत्य आणि अंतिम फेरीत, तुल्यबळ संघांत, मुलाला दोन दिवस खेळू द्यावं. मी बोलतो आहे ते पहिल्या फेरीविषयी. तिथे शाळांची ताकद पाहून गट पाडता येतात. आघाडी ठराविक धावांपलीकडे गेली, की डाव तिथेच थांबवता येतो. दंडाच्या धावांना कमाल मर्यादा घालता येते. निकाल लागल्यावर उरलेल्या वेळात ज्यांची पाळी आली नाही त्यांना बॅट देता येते. यासाठी पैसा लागत नाही. नियमपत्रकात चार ओळी वाढतील.

हॅरिस शील्डच्या पहिल्या नियमाने मुलाला जात-धर्म न विचारता शाळेच्या नावाने मैदानात आणलं. हे फार मोठं काम झालं. मैदानात आलेल्या मुलाला तिथे टिकवण्याचं काम बाकी आहे. पुढच्या हंगामाचं नियमपत्रक छापायला जाईल, तेव्हा ते लिहिणाऱ्या सद्गृहस्थांनी एकदा डोळ्यांपुढे सीमारेषेबाहेर चेंडू आणायला धावणारा तो अकरावा मुलगा आणावा, आणि मग लेखणी उचलावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)