कार्तिकातील लहरी आठवडा : हवामानाचा अंदाज वाचताना

'येत्या चार-पाच दिवसांत आकाश अंशतः ढगाळ राहून तुरळक ठिकाणी हलका पाऊस पडण्याची शक्यता आहे,' अशा आशयाचे वाक्य नोव्हेंबर महिन्यात एकदा तरी हटकून वाचावयास मिळते. शहरातील वाचकाच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की कपाटातून काढलेला स्वेटर पुन्हा घडी करून ठेवावा लागणार. निफाड किंवा तासगावच्या द्राक्ष बागायतदाराची झोप मात्र तेच वाक्य उडविते. एकच अंदाज दोन ठिकाणी इतका वेगळा का वाचला जातो, हे समजून घ्यावयाचे तर या दिवसांत महाराष्ट्राच्या आकाशात नेमके काय चालते, ते आधी पाहावे लागेल.

पंचांगाप्रमाणे आश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे महिने. भारतीय हवामान विभाग ऑक्टोबर ते डिसेंबर या कालावधीला मॉन्सूनोत्तर हंगाम म्हणतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या परतीच्या सर्वसाधारण तारखा २०२० मध्ये सुधारण्यात आल्या. त्यानुसार मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या आणि संपूर्ण देशातून १५ ऑक्टोबरच्या सुमारास हे वारे माघारी जातात. पाठोपाठ तमिळनाडूच्या बाजूला ईशान्य मोसमी पावसाचा हंगाम सुरू होतो. महाराष्ट्र मात्र मधल्या पट्ट्यात सापडतो. एक पाऊस संपलेला असतो, दुसरा आपला नसतो आणि थंडी अजून स्थिरावलेली नसते.

या मधल्या काळात राज्यावर दोन प्रकारचे वारे आळीपाळीने हक्क सांगतात. उत्तरेकडून येणारे वारे कोरडे आणि थंड असतात. हिमालयाच्या परिसरातून पश्चिमी चक्रावात पुढे सरकला, की त्याच्यामागून हे वारे जोर धरतात. आकाश निरभ्र होते, दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता मोकळेपणाने आकाशात सोडते आणि पारा घसरतो. पूर्व व आग्नेय दिशेने येणारे वारे बाष्प घेऊन येतात. बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्राच्या आग्नेय भागात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, की ढगांचे आच्छादन महाराष्ट्रापर्यंत पसरते. हे ढग रात्री पांघरुणासारखे काम करतात. परिणामी पहाटेचे किमान तापमान एक-दोन दिवसांतच चार-पाच अंशांनी चढते आणि 'थंडी गायब' असे मथळे झळकू लागतात. थंडी गायब झालेली नसते; ती ढगांच्या वर अडकलेली असते, असे म्हटले तरी शास्त्राला फारसा धक्का लागणार नाही.

खरी अडचण हे दोन्ही प्रवाह एकाच वेळी राज्यावर आले म्हणजे होते. जमिनीलगत उबदार, दमट हवा आणि तिच्या डोक्यावर उत्तरेकडून आलेली थंड हवा, अशी रचना झाली की वातावरण अस्थिर बनते. ढग उंच वाढतात, विजा चमकतात आणि प्रसंगी गारा पडतात.

२०२३ च्या नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा हे याचे ठळक उदाहरण. २३ तारखेला कार्तिकी एकादशी झाली. तीनच दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, नाशिक जिल्ह्यात वादळी पाऊस झाला आणि निफाड तालुक्यात गारांनी द्राक्षबागा झोडपल्या. गुजरातमध्ये त्याच दिवशी वीज पडून वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. पुढील दोन दिवसांत पावसाचा रोख मराठवाडा आणि विदर्भाकडे वळला. उत्तरेकडील पश्चिमी चक्रावात आणि अरबी समुद्रावरून येणारे बाष्प यांची गाठ पडल्याने हे घडले. हवामान विभागाने या पावसाची शक्यता काही दिवस आधीच वर्तविली होती, हे येथे मुद्दाम नमूद करावयास हवे. अंदाज चुकला म्हणून नुकसान झाले, असे प्रत्येक वेळी म्हणता येत नाही.

कारण अंदाज कळल्यावर काय करता येते, हा प्रश्न निराळा आहे. कापून शेतात पसरलेले भात दोन दिवसांची सूचना मिळाली तर गोळा करून झाकता येते. कापसाची वेचणी घाईने उरकता येते. वेलीवरचा द्राक्षघड मात्र उचलून घरात नेता येत नाही. ऑक्टोबरमधील फळछाटणीनंतर नोव्हेंबरात अनेक बागा फुलोऱ्यात असतात. या अवस्थेत दोन दिवस घडात पाणी साचले तर फुलांची गळ आणि कूज होते. पाऊस न पडता नुसते ढगाळ, दमट हवामान राहिले तरी केवडा रोग बळावतो. ज्यांनी छाटणी लवकर उरकलेली असते, त्यांच्या बागेत पाणी भरत आलेले मणी तडकतात. बागायतदाराच्या हाती उरते ती फवारणी, आणि पाऊस पुन्हा आला तर ती धुऊन जाते. प्लॅस्टिकचे आच्छादन हा उपाय आहे. पण त्याचा खर्च प्रत्येकाच्या आवाक्यातला नाही.

हेच ढग इतरत्र वेगळे परिणाम घडवितात. तुरीवर शेंगा पोखरणाऱ्या अळीचा आणि कांद्यावर करप्याचा प्रादुर्भाव वाढतो. कोकणात आंब्याला मोहोर येण्यासाठी रात्रीचा गारवा हवा असतो. ढगांनी तो लांबविला की हंगाम पुढे सरकतो. उलट सोलापूरच्या कोरडवाहू ज्वारीला या दिवसांतला हलका पाऊस मानवतो. स्वाती नक्षत्राच्या पावसाचे नाते जुन्या लोकांनी मोत्यांशी जोडले, ते उगाच नव्हे. तेव्हा अवकाळी पाऊस म्हणजे सरसकट संकट, हे समीकरणही तपासून घ्यावे लागते.

शब्दांचे हिशेब

अंदाजातील शब्द सैल वाटले तरी त्यांना ठरलेले अर्थ आहेत. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातील पावसाची नोंद करणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के. 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५ टक्के, आणि त्यापुढे 'बहुतांश ठिकाणी'. याचा अर्थ तुरळक पावसाचा अंदाज दिलेल्या दिवशी विभागातील तीन चतुर्थांश केंद्रे कोरडी राहिली, तरी तो अंदाज बरोबरच ठरतो. आपल्या गल्लीत थेंब पडला नाही म्हणून वेधशाळेची थट्टा करण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे.

प्रमाणाचेही तसेच. चोवीस तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंतचा पाऊस हलका, ६४.४ पर्यंतचा मध्यम, ११५.५ पर्यंतचा जोरदार. दहा मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला तर ते एक लाख लिटर पाणी होते. 'हलका' हा शब्द हवामानशास्त्राचा आहे. फुलोऱ्यातल्या बागेचा नव्हे. इशाऱ्यांच्या रंगांत पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे तातडीने कृती करा. पावसाची दैनंदिन नोंद सकाळी साडेआठला घेतली जाते. त्यामुळे रविवारी रात्री पडलेला पाऊस सोमवारच्या आकड्यात दिसतो.

विभागही नीट पाहावेत. कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे चार उपविभाग हवामान विभाग मानतो. 'राज्यात पाऊस' या मथळ्याखाली कोल्हापूर आणि गोंदिया यांना एकाच छत्रीत बसविणे सोयीचे असले, तरी ते खरे नसते.

शहराचे तापमान म्हणून छापला जाणारा आकडाही एका केंद्राचा असतो. मुंबईत कुलाबा समुद्राला बिलगलेला असल्याने तेथील पहाट सांताक्रूझपेक्षा उबदार असते. पुण्याचा आकडा बहुधा शिवाजीनगरचा असतो. लोहगावला त्याच पहाटे पारा सहसा वर असतो. (ज्या परिसरात ही वेधशाळा आहे तो आजही 'सिमला ऑफिस' म्हणून ओळखला जातो, १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले, त्याची ही खूण.) सुमारे १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरपेक्षा निफाडची पहाट अनेकदा अधिक गार असते. थंड हवा जड असते. निरभ्र, शांत रात्री ती उतारावरून ओघळत गोदावरीच्या खोऱ्यात साचते.

समुद्राकडून येणारी सूचना

किनाऱ्यावर या आठवड्यांचा अर्थ आणखी गंभीर. २००९ मध्ये ९ नोव्हेंबरला अरबी समुद्रात कमी दाबाचा तीव्र पट्टा तयार झाला आणि ११ नोव्हेंबरला 'फयान' चक्रीवादळ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्याला धडकले. अवघे दोन दिवस. खोल समुद्रात गेलेल्या कोकणातील अनेक नौका वेळेत परतू शकल्या नाहीत. २०१९ मध्ये ऑक्टोबरच्या अखेरीस 'क्यार' आणि पाठोपाठ 'महा' ही वादळे किनाऱ्यापासून दूरच राहिली. पण त्यांच्या काळात राज्यभर झालेल्या पावसाने काढणीला आलेले सोयाबीन शेतातच कुजले. वादळ किनाऱ्याला लागणार नाही, एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही, ते यासाठी.

तापमान आणि पाऊस वेगवेगळे वाचण्याची आपली सवयही या ऋतूत अपुरी पडते. १ व २ डिसेंबर २०२१ रोजी मुंबई-पुण्यात दिवसभर पाऊस झाला, दिवसाचे तापमान विलक्षण उतरले. शहरांनी त्याचे स्वागत चहा-भज्यांनी केले. जुन्नर-आंबेगावच्या माळांवर उघड्यावर बसलेल्या मेंढ्यांची लोकर भिजली, वर वारा सुटला आणि त्या मोठ्या संख्येने गारठून मेल्या. किमान तापमानाच्या रकान्यात त्या रात्री थंडीच्या लाटेसारखे काहीही नोंदले गेले नव्हते.