रामनगरचा विद्यार्थी आणि बाजार नसलेली पदवी

गंगेच्या पूर्वतीरावरील रामनगर म्हटले की काशीनरेशांचा किल्ला आणि तेथील रामलीला डोळ्यांसमोर येते. याच गावात लालबहादूर शास्त्री यांचे वडिलोपार्जित घर आहे. २०१८ पासून तेथे त्यांच्या स्मृतींचे संग्रहालय आहे. त्या घराच्या निमित्ताने एका प्रशासकीय प्रश्नाचा विचार करावासा वाटतो : ज्या पदवीला नोकरीच्या बाजारात ठरलेली जागा नाही, तिच्यासाठी कर्ज काढावे काय?

शास्त्रींचे वडील १९०६ मध्ये वारले, तेव्हा मुलगा दीड वर्षाचा होता. पुढे काशीच्या हरिश्चंद्र हायस्कुलात दहावीची परीक्षा तोंडावर आली असताना, जानेवारी १९२१ मध्ये, असहकाराच्या हाकेला प्रतिसाद देऊन त्यांनी शाळा सोडली. रामनगरसमोरच्या तीरावर काशी हिंदू विश्वविद्यालय उभे राहत होते. १९१५ च्या कायद्याने त्याच्या पदव्यांना सरकारमान्यता होती. शास्त्रींनी मात्र काशी विद्यापीठात प्रवेश घेतला. १० फेब्रुवारी १९२१ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले होते. बाबू शिवप्रसाद गुप्त आणि डॉ. भगवानदास हे त्याचे संस्थापक. भगवानदासांचे लेखन तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, धर्म आणि समाजरचना अशा अनेक विषयांच्या सीमा ओलांडणारे होते. १९२५ मध्ये तत्त्वज्ञान व नीतिशास्त्र घेऊन शास्त्री प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाले. 'शास्त्री' हे त्या पदवीचेच नाव, आणि तेच पुढे आडनाव झाले.

या पदवीने सरकारी नोकरीचे दार उघडणार नव्हते. तरीही तो व्यवहार बुडीत ठरला नाही, याचे श्रेय केवळ विद्यार्थ्याच्या त्यागाला देणे अपुरे होईल. त्यामागे व्यवस्था होती. सरकारी अनुदान न घेता विद्यापीठ देणगीवर चालत होते. पदवीधरांना सामावून घेणाऱ्या संस्थाही होत्या. लाला लजपतराय यांनी १९२१ मध्ये स्थापन केलेल्या लोकसेवक मंडळाचे शास्त्री आजीव सदस्य झाले. निर्वाहापुरते मानधन आणि करण्यासारखे काम, दोन्ही तेथे मिळाले. शिक्षणाची जोखीम समाजाने वाटून घेतली होती. ती एकट्या कुटुंबाच्या माथी नव्हती.

महाराष्ट्रातही हेच घडले. १९२१ मध्येच पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळण्यास १९८७ साल उजाडले. काशी विद्यापीठाला तो १९६३ मध्ये मिळाला होता. म्हणजे मान्यतेची प्रतीक्षा एकीकडे ४२ वर्षे, दुसरीकडे ६६. ज्ञान तेच असते. कागदाची किंमत मात्र ते स्वीकारणारा ठरवतो.

आता आजचे चित्र पाहू. २००१ च्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेने ४ लाखांपर्यंतचे कर्ज तारणाविना मिळू लागले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आंतरविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केला. दोन्ही पावले स्वागतार्हच. परंतु साधा हिशेब मांडू. १० टक्के व्याजाने १० वर्षांसाठी ४ लाखांचे कर्ज घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ५,२९० रुपये येतो. शिक्षणाच्या काळातील व्याज यात धरलेले नाही. पहिला पगार १५,००० असेल तर एक तृतीयांशाहून अधिक रक्कम हप्त्यातच जाते; ३०,००० असेल तर तोच हप्ता सुसह्य होतो.

पगार किती मिळेल हे पदवीधराच्या गुणवत्तेइतकेच अर्जांच्या छाननीवरही अवलंबून असते. नागरी सेवा परीक्षेला कोणतीही पदवी चालते. परंतु असंख्य पदांच्या सेवाप्रवेश नियमांत 'संबंधित विषयातील पदवी' असे शब्द असतात. चार विषय जोडून शिकलेल्या उमेदवाराचा 'संबंधित विषय' कोणता, हे छाननी करणाऱ्या लिपिकाने कसे ठरवावे? शंका आली की तो अर्ज बाजूला ठेवतो, आणि नियमानुसार त्याला दोष देता येत नाही. शासनाचा एक हात पदवीला उत्तेजन देतो आणि दुसरा तीच पदवी अपात्र ठरवतो. मधल्या काळात व्याज चालूच राहते.

म्हणून पालकांनी कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी त्या पदवीने कोणत्या पदांस अर्ज करता येईल याची लेखी यादी संस्थेकडून मागावी. शासनानेही नवी पदवी मान्य करतानाच तिची समकक्षता ठरवून सेवाप्रवेश नियम सुधारावेत. हे काम खर्चाचे नाही, केवळ कष्टाचे आहे.

शास्त्रींच्या आयुष्यात कर्जाचा प्रसंग आला तो पंतप्रधानपदी असताना. १२,००० रुपयांची फियाट गाडी घेण्यासाठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून ५,००० रुपये कर्ज घेतले. ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ते फिटले नव्हते. ललितादेवींनी आपल्या निवृत्तिवेतनातून ते फेडले. कर्ज घेणारा गेला तरी हप्ता घरातच राहतो, हे देशाच्या पंतप्रधानांच्या घरीही चुकले नाही. मग ज्या घरात निवृत्तिवेतनही नाही, तेथे कर्ज मंजूर करताना आपण किती सावध असावे?