'इंडियन' बोलणारा सॅक्सोफोन

"डू यू स्पीक इंडियन?" हा प्रश्न शाळेत, ऑफिसात किंवा विमानात कधीच ऐकला नाही, असं मराठी माणूस अमेरिकेत विरळाच. आपण हसून सोडून देतो किंवा भारतातल्या भाषांवर छोटंसं व्याख्यान देतो. रुद्रेश महंतप्पा या जॅझ वादकाने मात्र या प्रश्नावर अख्खा अल्बमच काढला!

रुद्रेशचे आईवडील कर्नाटकातले. त्याचा जन्म १९७१ सालचा, इटलीतल्या त्रिएस्तेचा. वडील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, त्यामुळे तो वाढला कोलोरॅडोतल्या बोल्डर या विद्यापीठाच्या गावी. आवडतं वाद्य आल्टो सॅक्सोफोन. बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्सने १८४६ मध्ये पेटंट घेतलेलं हे वाद्य दिसायला पितळी, पण वाजतं सनईसारखं पत्तीवर. सनईची पत्ती दुहेरी, याची एकेरी, एवढाच फरक. १९४० च्या दशकात चार्ली पार्करने आल्टोला जॅझमध्ये मानाचं पान मिळवून दिलं आणि पुढे हाच पार्कर रुद्रेशचं दैवत झाला.

बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकत असताना त्याच्या मोठ्या भावाने त्याला गंमत म्हणून कद्री गोपालनाथ यांचा अल्बम दिला. सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत! भावाची गंमत बाजूला राहिली आणि रुद्रेश चकित झाला. ज्या वाद्यावर तो अमेरिकन संगीत शिकत होता, त्याच वाद्यावर कर्नाटकातलाच एक माणूस गमकं काढत होता.

'यात्रा' हा त्याचा पहिला अल्बम नव्वदच्या दशकाच्या मध्यातला. नाव भारतीय, मांडणी जॅझची. पुढे २००२ मध्ये 'ब्लॅक वॉटर' आला. इथे पियानोवर विजय अय्यर होता, तोही अमेरिकेत वाढलेला, तमिळ घरातला. फ्रान्स्वा मूतँचा डबल बास आणि इलियट हंबर्टो कॅव्हीचे ड्रम्स सोबतीला. नाव वाचून सतार-तबल्याची अपेक्षा ठेवणाऱ्याची इथे निराशाच होईल. भारतीयपण आहे ते लयीच्या हिशेबात आणि स्वरांच्या चालीत, पोशाखात नाही.

याच चौकडीने २००४ साली 'मदर टंग' केला. रुद्रेशने भारतीय वंशाच्या लोकांना तोच आपल्या ओळखीचा प्रश्न विचारला आणि त्यांची त्यांच्या त्यांच्या भाषेतली उत्तरं ध्वनिमुद्रित केली. मग बोलण्यातले चढउतार स्वरलिपीत उतरवून त्यांच्यावर रचना बांधल्या. रचनांची नावंही भाषांचीच: कन्नड, गुजराती, तेलुगू, तमिळ, मल्याळम, कोकणी आणि हो, इंग्रजीसुद्धा! 'इंडियन' अशी एकच भाषा नाही, हे शब्दांनी पटवण्यापेक्षा त्याने कानांनाच ऐकवलं.

२००६ च्या 'कोडबुक'मध्ये त्याने सांकेतिक लिपीशास्त्रातल्या कल्पना संगीतात आणल्या. आमच्यासारख्या संगणकवाल्यांनी तो जरूर ऐकावा. २००८ मध्ये 'किन्समेन', म्हणजे भाऊबंद, आला. इथे रुद्रेश प्रत्यक्ष कद्री गोपालनाथांच्या शेजारी बसून वाजवतो. ए. कन्याकुमारींचं व्हायोलिन आणि पूवलूर श्रीजींचा मृदंगम् एका बाजूला, जॅझची गिटार, बास आणि ड्रम्स दुसऱ्या बाजूला. गोपालनाथ २०१९ मध्ये गेले. ही जुगलबंदी मागे राहिली.

हे अल्बम ओळीने ऐकले की एक गोष्ट जाणवते. रुद्रेश थेट भाऊबंदांपर्यंत धावला नाही. आधी त्याने जॅझ पक्कं केलं, मग आपल्या लोकांचं बोलणं कान देऊन ऐकलं आणि त्यानंतर गुरुतुल्य कलाकारासमोर उभा राहिला. मधे दहा-बारा वर्षं गेली. आपली मुलं तबल्याचा क्लास आणि शाळेचा बँड यांत ओढली जातात, तेव्हा "यातलं तुझं कोणतं?" असं विचारायची आपल्याला घाई होते. उत्तराला वेळ लागू शकतो, आणि ते 'दोन्ही' असू शकतं.

'मदर टंग'मधल्या रचनांच्या नावांत मराठी नाही. कोकणी शेजारीण आहे, एवढंच समाधान. पण पुण्याचा ठाशीव हेल, कोल्हापूरचा रांगडा आणि नागपूरचा लांबवलेला हेल स्वरलिपीत कसा दिसेल? मंडळाच्या मुलांपैकी कुणी सॅक्सोफोन, व्हायोलिन किंवा पेटी वाजवत असेल, तर त्याने पुढच्या गणेशोत्सवात आजीचं बोलणं वाजवून दाखवावं. आजी मात्र बोलती हवी, आणि तिच्याशी मराठीत बोलणारं कुणीतरी घरात हवं.