औषधांच्या दुकानाचे नियमन : वस्तू, वास्तू आणि व्यक्ती

महाराष्ट्रात औषधांच्या दुकानास लोक ‘मेडिकल’ म्हणतात. फलकावर मात्र पुष्कळदा ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’ अशी अक्षरे असतात. ही अक्षरे दुकानदाराच्या हौसेची नव्हेत. १९४५ च्या औषध नियमावलीतील ६५ व्या नियमात त्यांचा उगम आहे. ज्या दुकानास नोंदणीकृत फार्मासिस्टची आवश्यकता नाही ते ‘ड्रगस्टोअर’. जेथे फार्मासिस्ट आहे, परंतु डॉक्टरांच्या चिठ्ठीबरहुकूम मिश्रणे सिद्ध करण्याची व्यवस्था नाही ते ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’. आणि जेथे या दोन्ही गोष्टी आहेत तेच ‘फार्मसी’, अशी ही त्रिविध वर्गवारी होय. नियमकर्त्यांनी जो वर्ग आदर्श मानला तो विरळा व्हावा आणि मधलाच वर्ग सर्वत्र दिसावा, हे कसे घडले याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रारंभ मालापासून झाला. १८६० च्या दंडसंहितेत औषधातील भेसळ हा अपराध होता खरा. परंतु भेसळ कशास म्हणावे हे ठरविणारे प्रमाण आणि ते पडताळून पाहणारी यंत्रणा देशव्यापी स्वरूपात नव्हती. १८७८ चा अफू कायदा व १९१९ चा विष कायदा यांचा रोख अमली आणि विषारी पदार्थांवर होता. किनाइनच्या पुडीत किनाइन किती, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेरचा होता. १९२७ साली पुण्याचे सर इब्राहिम हारून जाफर यांनी कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये औषधांच्या प्रमाणीकरणासाठी कायदा करावा असा ठराव मांडला. त्यानंतर ऑगस्ट १९३० मध्ये रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. समितीच्या १९३१ च्या अहवालाचे वैशिष्ट्य असे की, औषध आणि ते देणारा माणूस या दोहोंचा विचार तीत एकत्र झाला. औषधांच्या नियंत्रणासाठी कायदा व प्रयोगशाळा हव्यात, तशीच फार्मासिस्टांची नोंदणी व शिक्षणही हवे, असे तिने सांगितले.

हा दुवा पुढे तुटला. १९३७ चे विधेयक केवळ आयातीपुरते होते. औषधांचे उत्पादन व विक्री हे विषय तेव्हा प्रांतांच्या अखत्यारीत असल्यामुळे प्रांतिक विधिमंडळांचे ठराव मिळवावे लागले आणि मगच १९४० चा औषध कायदा संमत झाला. त्याखालील नियम डिसेंबर १९४५ मध्ये निघाले. विक्रीविषयक तरतुदी १९४७ साली अमलात आल्या आणि माणसाविषयीचा फार्मसी कायदा मार्च १९४८ मध्ये आला. म्हणजे वस्तू, वास्तू आणि व्यक्ती या क्रमाने कायद्याची दृष्टी फिरली.

वास्तूविषयीची ‘एन’ अनुसूची मुळातून वाचण्यासारखी आहे. आजच्या पाठाप्रमाणे औषधे सिद्ध करण्याच्या विभागात काम करणाऱ्या एका फार्मासिस्टसाठी किमान ६ चौरस मीटर आणि प्रत्येक जादा फार्मासिस्टमागे आणखी २ चौरस मीटर जागा हवी. छताची उंची किमान २.५ मीटर असावी. मेजाचा पृष्ठभाग धुता येण्याजोगा व पाणी न शोषणारा असावा. विषारी द्रव्यांचे कपाट कुलपाचे असावे आणि त्यावर पांढऱ्या भूमीवर लाल अक्षरांत तसा निर्देश असावा. तीव्र द्रावणांच्या बाटल्यांवर ‘पातळ करून वापरावे’ अशा अर्थाची खूण हवी. शिवाय ३० मिलिग्रॅमपर्यंतचा फरक दाखविणारा तराजू, खलबत्ते, नरसाळी, बुचे आणि बूच काढण्याचे साधनही! या यादीमागे एक विशिष्ट माणूस उभा आहे : हाताने चूर्ण खलणारा, मिश्रण मोजून बाटलीत भरणारा आणि क्षणभराच्या अनवधानाने रोग्याचा जीव धोक्यात घालू शकणारा. ही अनुसूची रूक्ष आहे हा आक्षेप मला पटत नाही. तिच्या प्रत्येक कलमात कोणत्या तरी संभाव्य चुकीचा विचार आहे.

परंतु तो माणूस कोण असावा, यावर तडजोड झाली. पहिल्या नोंदवहीत नाव येण्यास शिक्षण हीच अट नव्हती. रुग्णालयात वा दवाखान्यात पाच वर्षे औषधे तयार करण्याचा अनुभव असलेल्यांनाही ३१ व्या कलमाने दार उघडले. कंपाउंडरांवाचून दवाखाने चालणार नव्हते, हे लक्षात घेता ही तडजोड अपरिहार्यच म्हटली पाहिजे. खरी गोम ४२ व्या कलमात आहे. चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने अथवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच सिद्ध करावे व द्यावे, असे हे कलम सांगते; मात्र ते कोणत्या तारखेपासून लागू करावयाचे, हे सरकारांवर सोपविले गेले. अखेर १९७६ च्या दुरुस्तीने आठ वर्षांची मर्यादा घातली आणि जेथे तारीख ठरलीच नव्हती तेथे ते सप्टेंबर १९८४ मध्ये आपोआप लागू झाले. कायदा संमत झाल्यापासून ३६ वर्षांनी!

या विलंबाची किंमत केवळ वर्षांत मोजून चालणार नाही. दरम्यान औषधनिर्मिती दुकानातून उठून कारखान्यात गेली होती. गोळ्या, कॅप्सुले आणि सीलबंद बाटल्या येऊ लागल्या. मिश्रणाच्या बाटलीवर मात्रेची कागदी पट्टी चिकटविणारा कंपाउंडर मागे पडला. कायद्याने माणूस सक्तीचा केला, तेव्हा ज्या कामासाठी त्याला शिकविले होते तेच काम दुकानातून बव्हंशी नाहीसे झाले होते. मग त्याच्या उपस्थितीचा अर्थ परवान्यासोबत भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्रापुरता उरावा, यात नवल ते काय? दोष एकट्या दुकानदाराचा नव्हे. वास्तूची व्याख्या खलबत्त्याभोवती केली गेली आणि खलबत्ता गेल्यावर ती नव्याने करण्यास कोणी घाई केली नाही.

नवे काम कोणते, याचे उत्तर उशिरा मिळू लागले. फार्मसी कौन्सिलच्या २०१५ च्या व्यवसायविषयक विनियमांनी रुग्णास औषधाविषयी समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य म्हणून नोंदविले. त्यापूर्वी, २०१३ साली, ‘एच-१’ अनुसूची अधिसूचित होऊन मार्च २०१४ पासून लागू झाली होती. तीत आरंभी ४६ औषधे होती. क्षयरोगावरील औषधे व काही नवी प्रतिजैविके त्यांत येतात. ही औषधे देताना त्याच वेळी स्वतंत्र वहीत डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि दिलेले परिमाण लिहावे लागते, आणि ती वही तीन वर्षे तपासणीसाठी जपून ठेवावी लागते.