मागितल्यावांचून न मिळणारी सूट

करांविषयीं लिहितांना आमचे इतिहासकार कोणत्या राजवटीनें कोणता कर बसविला व त्याचा दर काय होता, याची चर्चा विस्तारानें करतात. त्या कराबरोबर ठेविलेली सवलत कोणाच्या पदरांत पडली व कोणाच्या पडली नाहीं, इकडे मात्र त्यांचें लक्ष क्वचितच जातें. १८८६ च्या प्राप्तीवरील कराच्या कायद्यांत आयुष्याच्या विम्याच्या हप्त्याबद्दल, प्राप्तीच्या षष्ठांशापर्यंत, वजावट ठेविलेली होती. नोकरदार व वकील यांस कायदा वाचतां येई. ते ती वजावट मागूं शकत. शेतीच्या उत्पन्नावर हा कर नव्हता. शेतकरी जमिनीचा सारा वेगळा भरीत असे. त्या साऱ्यांतहि सवलत होती. परंतु तिचा नियम इंग्रजी पुस्तकांत, पिकाचा अंदाज अधिकाऱ्याच्या हातांत, आणि सारा मात्र शेतकऱ्याच्या शिरावर, अशी स्थिति होती.

ही सवलत दोन प्रकारची असे. सूट म्हणजे सारा कायमचा सोडून देणें, व तहकुबी म्हणजे त्याची वसुली पुढें ढकलणें. मुंबई इलाख्यांत सारा सामान्यतः तीस वर्षांकरितां ठरविलेला असे. चांगल्या वर्षांतील शिल्लक वाईट वर्षीं उपयोगीं पडावी, असें गृहीत धरूनच तो बसविलेला आहे. सबब सूट हा रयतेचा हक्क नसून सरकारची मेहेरबानी होय, असें सरकारी मत होतें. ज्याचें चांगल्या वर्षाचें धान्य सावकार खळ्यावरूनच नेई, त्याच्यापाशीं शिल्लक कोठली राहणार, याचा विचार त्या मतांत नव्हता.

१८९६-९७ च्या दुष्काळांत हें मत कसोटीस लागलें. अशा वेळीं अधिकाऱ्यांनीं काय करावें हें सांगणारा फॅमिन कोड सरकारनें आधींच तयार करून ठेविला होता. पुण्याची सार्वजनिक सभा त्या सुमारास टिळकांच्या पक्षाच्या हातीं होती. सभेनें कोडांतील तरतुदी मराठींत छापून फुकट वांटल्या, आणि तिचीं माणसें खेडोपाडीं जाऊन त्या शेतकऱ्यांस समजावूं लागलीं. ज्याच्याजवळ पैसा आहे त्यानें सारा भरावा. ज्याच्याजवळ नाहीं त्यानें गुरेंढोरें विकून किंवा कर्ज काढून भरूं नये, असा 'केसरी'चा उपदेश होता. सरकारचाच नियम लोकांच्या भाषेंत सांगणें, याहून अधिक त्यांत कांहीं नव्हतें. तरीहि १८९७ मध्यें, लोकांच्या वतीनें सरकारशीं बोलणारी संस्था ही सभेची मान्यता सरकारनें काढून घेतली. न वाचलेला कायदा सरकारास सोयीचा होता. वाचलेला झाला नाहीं, असेंच आम्हांस म्हणावें लागतें.

पुढें वीस वर्षांनीं याच इलाख्यांतील खेडा जिल्ह्यांत तोच प्रश्न अधिक उघड रीतीनें आला. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, अशा मापानें केलेल्या अंदाजास आणेवारी म्हणत. पीक चार आणे वा त्याहून कमी आल्यास वर्षाच्या साऱ्याची पूर्ण तहकुबी मिळावी, असा नियम होता. १९१७ च्या अतिवृष्टीनें पीक बुडालें. तें चार आण्यांच्या आंत आहे असें शेतकरी म्हणत. अधिकारी तें अधिक धरीत. नियमाविषयीं वाद नव्हता; वाद होता तो माप कोणीं धरावें याविषयीं. २२ मार्च १९१८ रोजीं नडियाद येथें गांधीजींच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रहास आरंभ झाला. गुरें व भांडीं जप्त होऊं लागलीं. एप्रिलअखेर सरकारनें असा हुकूम काढला कीं, ज्यांस देण्याची ऐपत नाहीं त्यांच्याकडून वसुली करूं नये. परंतु ज्यांच्यासाठीं हा हुकूम, त्यांच्या कानीं तो जूनमध्यें आला! गांधीजींस हा शेवट समाधानकारक वाटला नाहीं. गरीब कोण हें ठरविण्याचा अधिकार लोकांस बजावतां आला नाहीं व सवलत फारच थोड्यांस मिळाली, असें त्यांनीं आत्मकथेंत प्रांजळपणें लिहिलें आहे.

आणेवारीची पुढें पैसेवारी झाली, राज्यहि बदललें. परंतु जो मागेल त्यासच सवलत, हा जुना प्रघात सुटलेला नाहीं. एखाद्या वृद्धेची प्राप्ति करपात्र नसतांहि तिच्या ठेवीच्या व्याजांतून कर कापला गेला, तर विवरणपत्र भरल्यावांचून तो तिला परत मिळत नाहीं. कर घेण्यास सरकार आपण होऊन येतें. सूट घेण्यास मात्र प्रजेनें जावें लागतें. ज्यास वाट ठाऊक नाहीं तो बहुधा गरीबच असतो. म्हणून कोणत्याहि कराची न्याय्यता पाहतांना दराबरोबर हेंहि पाहावें कीं, त्यांतील सूट जिच्याकरितां ठेविली त्या माणसापर्यंत पोंचली कीं नाहीं. सार्वजनिक सभेनें वांटलेल्या त्या मराठी पत्रकांचें काम, आमच्या मतें, अद्याप संपलेलें नाहीं.