पाच खंडांचे गणित : त्रिकोणमितीय सर्वेक्षण आणि समीकरणसंहतीचा पूर्वसंस्कार

कोंडाणे येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरील ब्राह्मी लेख पाहण्यासाठी कर्जतहून राजमाचीच्या पायथ्याशी जाणाऱ्या अभ्यासकाजवळ पुष्कळदा सर्वेक्षण विभागाचे ४७ एफ या गटातील एखादे जुने पत्रक असते. लेखाचा आशय थोडका आहे : कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले. शिष्याचे कर्तृत्व तेथे गुरूच्या नावाला जोडून सांगितले आहे. पत्रकावरील अक्षांश-रेखांशांना मात्र अशी गुरुपरंपरा जोडलेली नसते. ते आकडे जणू भूमीतूनच उगवले, असे वाचकास वाटते. वस्तुतः त्यांनाही परंपरा आहे. अगोदर काय सोडविले आणि नंतर काय, यावर ते आकडे अवलंबून आहेत. प्रस्तुत टिपणात या क्रमाचा इतिहास पाहावयाचा आहे.

१८०२ साली लॅम्टनने मद्रासजवळ आधाररेषा मोजून ज्या कार्यास प्रारंभ केला, त्याचे पुढे महात्रिकोणमितीय सर्वेक्षण झाले. त्रिकोणांच्या मालिका देशभर पसरल्या, एकमेकींना छेदू लागल्या, आणि त्यांतून मोठी मंडले तयार झाली. मोजलेल्या कोनांत सूक्ष्म चुका असणारच. त्यामुळे एका वाटेने गणित करीत गेल्यास एखाद्या स्थानकाचे जे स्थान येते, ते दुसऱ्या वाटेने येणाऱ्या स्थानाशी तंतोतंत जुळत नाही. लघुतम वर्गांच्या रीतीने सर्व कोनांना एकाच वेळी योग्य दुरुस्ती देणे हा त्यावरील शास्त्रशुद्ध उपाय होय. परंतु तसे करावयाचे तर हजारो अज्ञात राशींची एकघाती समीकरणे एकत्र सोडवावी लागतात. केवळ माणसांच्या हातांनी हे होणे अशक्य होते.

जेम्स वॉकर याच्या अधिपत्याखाली यावर जो तोडगा निघाला, तो असा. संपूर्ण जाळ्याचे पाच खंड करण्यात आले : वायव्य, आग्नेय, ईशान्य व नैर्ऋत्य असे चार चतुष्कोण आणि दक्षिणेचा एक त्रिकोण. प्रथम वायव्य चतुष्कोणाचे गणित पूर्ण करून त्याची उत्तरे अंतिम मानली गेली. नंतर आग्नेय चतुष्कोण सोडविताना दोहोंच्या सामाईक सीमेवरील मूल्ये जशीच्या तशी ठेवली. पुढेही हाच क्रम राहिला. वायव्य खंडाचे तपशील १८७३ व १८७६ साली प्रसिद्ध झाले, तर दक्षिण त्रिकोण व नैर्ऋत्य चतुष्कोण यांचे १८९० साली. दक्षिणेकडील महाचापाचा भाग नव्या उपकरणांनी पुन्हा मोजण्याचे काम १८७० च्या दशकातही चालू होते, हे ध्यानात घेतले म्हणजे दक्षिणेचा क्रम मागे का पडला याचा उलगडा होतो.

या रीतीचा एक परिणाम अटळ होता. वायव्य खंडास पुढील खंडांकडून काहीही ऐकून घ्यावे लागले नाही. उलट शेवटच्या खंडांना आधीच्यांनी ठरविलेल्या चौकटीत स्वतःस बसवून घ्यावे लागले. मागे उरलेली विसंगती त्यांच्याच वाट्यास आली. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास येथे पाणिनीची आठवण झाल्यावाचून राहात नाही. अष्टाध्यायीच्या अखेरच्या तीन पादांत पुढील सूत्राचे कार्य मागील सूत्रास असिद्ध, म्हणजे न घडल्यासारखे असते. पाणिनीने मात्र ही एकदिशा व्यवस्था हेतुपूर्वक योजिली होती, तर वॉकरला ती मनुष्यबळाच्या मर्यादेमुळे पत्करावी लागली.

याच सुमारास, १८८० साली, जर्मन भूगणितज्ञ हेल्मर्ट याने निराळा मार्ग दाखविला. प्रत्येक खंडातील अंतर्गत अज्ञात राशींचा प्रथम लोप करावा. त्यांचा सीमेवरील राशींवर होणारा सारा परिणाम सारांशरूपाने सीमेच्या समीकरणांत उतरवावा. सीमा सोडवावी, आणि मग प्रत्येक खंडात मागे फिरावे. खंड येथेही आहेत, पण कोणताही खंड ज्येष्ठ नाही, आणि उत्तर सर्व समीकरणे एकत्र सोडविल्यासारखेच अचूक मिळते. उत्तर अमेरिकेच्या १९८३ च्या मापनसंदर्भासाठी नऊ लाखांहून अधिक अज्ञात राशी याच रीतीने सोडविण्यात आल्या. सीमेवर उरणाऱ्या या सारांशरूप सारणीस आज शूर-पूरक म्हणतात. इसाई शूरच्या १९१७ मधील निबंधावरून एमिली हेन्सवर्थ यांनी १९६८ साली हे नाव दिले. हेल्मर्टचे नाव भूगणिताबाहेर फारसे गेले नाही. पारिभाषिक संज्ञांच्या इतिहासात असे अन्याय नित्याचे आहेत.

आता आजच्या वैज्ञानिक संगणनाकडे वळू. कोट्यवधी समीकरणांची संहती थेट सोडविणे यंत्रासही परवडत नाही, म्हणून पायरीपायरीने उत्तराजवळ जाणाऱ्या रीती वापरतात. संहती दुःस्थित असेल तर या पायऱ्या संपता संपत नाहीत. अशा वेळी मूळ सारणीशी मिळतीजुळती, पण सोडविण्यास सोपी अशी दुसरी सारणी योजून संहतीवर आधी संस्कार करतात. यासाठी ट्यूरिंगने १९४८ साली जी इंग्रजी संज्ञा वापरली, तिला मी 'पूर्वसंस्कार' म्हणतो. 'पूर्वानुकूलन' हा शब्दही चालेल, परंतु 'संस्कार' या शब्दात मूळ वस्तू न बदलता तिला कार्यक्षम करण्याचा जो भाव आहे, तो येथे अधिक नेमका बसतो.

खंडशः पूर्वसंस्कार करताना आज्ञावली वापरणाऱ्यापुढे वॉकरचे आणि हेल्मर्टचे प्रश्नच उभे राहतात. अमेरिकेतील आर्गोन प्रयोगशाळेत विकसित झालेल्या 'पेट्सी' या आज्ञावलीसंग्रहात 'फील्डस्प्लिट' नावाची सोय आहे. कोणत्या राशी कोणत्या खंडात घालावयाच्या, हे तीत प्रथम सांगावे लागते. नंतर खंडांचा परस्परसंबंध ठरवावा लागतो. सर्व खंड स्वतंत्रपणे सोडवून बेरीज करणे हा एक पर्याय. एकामागून एक, आधीच्याचे उत्तर हिशेबात धरून सोडविणे हा दुसरा. तसेच जाऊन उलट क्रमाने परत येणे हा तिसरा. आणि शूर-पूरक हा चौथा. दुसऱ्या पर्यायाचे वॉकरच्या रीतीशी साधर्म्य आहे, तादात्म्य नाही. वॉकरची फेरी एकच आणि तिचे उत्तर अंतिम; येथे ती फेरी बाहेरील रीतीच्या प्रत्येक पायरीस पुन्हा होते, म्हणून क्रमाचा पक्षपात हळूहळू धुऊन निघतो. चुकीचा क्रम निवडल्यास उत्तर बिघडत नाही, वेळ मात्र वाढतो.

चौथ्या पर्यायाची खरी कसोटी निराळीच आहे. मर्फी, गोलब व वॅथन यांनी २००० साली दाखविले की, वेग व दाब यांसारख्या दोन खंडांच्या विशिष्ट घडणीच्या संहतीत शूर-पूरक अचूक घेतल्यास, कर्णावरील खंडांचा पूर्वसंस्कारसुद्धा तीन पायऱ्यांत उत्तर देतो. पण अचूक शूर-पूरक ही दाट आणि महागडी सारणी असते. ती मिळविणे म्हणजे टाळावयाचे तेच काम पुन्हा अंगावर घेणे होय. म्हणून तिच्या जागी काय ठेवावे हे त्या त्या विषयाच्या जाणकारास सांगावे लागते. दाट, मंदगती द्रवाच्या प्रवाहात श्यानतेने भागलेली दाबाची वस्तुमान-सारणी तेथे उत्तम काम देते. हे ज्ञान आज्ञावलीत नसते, द्रवाच्या शास्त्रात असते. तयार मूल्यांवर विसंबून राहणारा अननुभवी संशोधक नेमका येथे फसतो, आणि दोष यंत्रास देतो.

भारतीय जाळ्याचे १९३७-३८ साली पुन्हा एकत्रित समायोजन झाले, परंतु नकाशे जुन्याच मूल्यांवर राहिले. आजच्या उपग्रहाधारित स्थानाशी जुन्या पत्रकाचा जो फरक आढळतो, तो मुख्यतः एव्हरेस्टच्या विवृत्ताभामुळे व संदर्भबिंदूमुळे आहे. खंडक्रमाचा त्यातील वाटा लहान आहे. तो शून्य मात्र नाही. बिदरहून मुंबईस येणारी त्रिकोणमालिका हा दक्षिण त्रिकोण व नैर्ऋत्य चतुष्कोण यांचा सांधा होता, म्हणजे सर्वांत शेवटी सोडविलेल्या दोन खंडांचा. आणि कोंडाण्याची लेणी या सांध्याच्या पश्चिम टोकाजवळच, उल्हास नदीच्या खोऱ्यात आहेत.